चांदीचे सूक्ष्म कण आणि डासांच्या अळ्या

कडुनिंबाच्या पाल्याचा अर्क सिल्व्हर नायट्रेटच्या पातळ द्रावणात मिसळला, की काही वेळाने द्रावण पिवळसर-तपकिरी होते. चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार झाल्याची ती खूण. त्यांचा आकार १ ते १०० नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! अशा कणांनी डासांच्या अळ्या मरतात, असे प्रयोगशाळांत अनेकदा दिसून आले आहे. कण बनविताना इतर घातक रसायने फारशी लागत नाहीत, म्हणून ही पद्धत निर्धोक म्हटली जाते.

येथेच गफलत होते. पाला निरुपद्रवी असला तरी चांदी ती चांदीच. अळ्या खाणाऱ्या माशांना व पाण्यातील बारीक जीवांनाही ती बाधते, आणि कुजून नाहीशी होत नाही. सिल्व्हर नायट्रेट तर त्वचा व डोळे भाजविणारे. तेव्हा हा प्रयोग घरी करून पिण्याच्या पिंपात मुळीच ओतू नये.

डेंग्यूच्या डासाची मादी घरातल्या साठविलेल्या स्वच्छ पाण्यातही अंडी घालते. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. म्हणून रांजण, पिंप, कूलर आठवड्यातून एकदा रिकामे करावेत. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी आतल्या कडेला चिकटलेली असतात व कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. कडा घासूनच काढाव्यात. उपसता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडावेत. फ्रिजमागचा ट्रे मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही!