सीमेवर पहारा देणारे खासगी गट : बघणं आणि अडवणं यातला कायदा



नागरिकशास्त्रात शासनाची कामं शिकवताना आपण फळ्यावर यादी लिहितो. सीमांचं रक्षण, कायदा व सुव्यवस्था, न्यायदान वगैरे. मुलं वहीत उतरवून घेतात आणि आपण पुढच्या मुद्द्याकडे जातो. पण एखादं चौकस पोर विचारतंच, "मॅडम, सैनिक कमी पडत असतील तर गावातल्या लोकांनी सीमेवर पहारा दिला तर चालेल का?" प्रश्न साधा वाटतो. "हो, देशप्रेमाचं काम आहे" म्हणून मोकळं होता येतं, नाहीतर "नाही, ते सैन्याचं काम आहे" म्हणता येतं. दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. म्हणून आज हा प्रश्न नीट सोडवून पाहू. त्यासाठी अमेरिकेचं उदाहरण घेऊ, कारण तिथे हे खरोखर घडलंय आणि न्यायालयापर्यंत गेलंय.

अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातली सीमा सुमारे ३,१४५ किलोमीटर लांब आहे. कॅलिफोर्निया, ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि टेक्सास ही चार राज्यं तिला लागून आहेत. तिथे गस्त घालायला 'बॉर्डर पेट्रोल' हे सरकारी दल आहे, १९२४ साली स्थापन झालेलं. १९९३-९४ पासून एल पासो आणि सॅन दिएगो या शहरांजवळ बंदोबस्त खूप कडक केला गेला. त्यामुळे लोकांचं येणं थांबलं नाही, त्यांनी वाट बदलली. शहरं टाळून ते ॲरिझोनाच्या वाळवंटातून येऊ लागले. या वाटेवर उन्हाने आणि तहानेने कित्येक माणसं मेली. आणि ही वाट जात होती पशुपालकांच्या मोठमोठ्या खासगी रानांतून. कुंपणं तुटायची, पाण्याच्या टाक्यांची नासधूस व्हायची, कचरा साचायचा. रात्री अंगणात अनोळखी माणसं दिसायची. २०१० मध्ये कोचीस काउंटीतल्या एका पशुपालकाचा त्याच्याच जमिनीवर खून झाला. तेव्हा तिथल्या लोकांची तक्रार खोटी होती असं मुलांना सांगू नका. तक्रार खरी होती. त्यावर कोणी काय करायचं, हा आपला आजचा विषय.

एप्रिल २००५ मध्ये ॲरिझोनात 'मिनिटमन प्रोजेक्ट' सुरू झाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात मिनिटभरात शस्त्र घेऊन हजर होणाऱ्या स्वयंसेवकांना मिनिटमन म्हणत, त्यावरून हे नाव. जिम गिलख्रिस्ट आणि ख्रिस सिमकॉक्स हे त्याचे संयोजक. ठिकठिकाणाहून स्वयंसेवक आले, त्यात निवृत्त माणसं बरीच. घडीच्या खुर्च्या, दुर्बिणी, वॉकीटॉकी आणि काहींच्या कमरेला पिस्तूल. संयोजकांनी नियम सांगितला होता : बघा, बॉर्डर पेट्रोलला कळवा, हात लावू नका. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी आधीच जाहीर केलं होतं की कायदा हातात घेणाऱ्यांना आपला विरोध आहे. त्यांच्याच पक्षाचे कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर अरनॉल्ड श्वार्झनेगर यांनी मात्र या लोकांचं कौतुक केलं. एकाच पक्षात दोन मतं! शिवाय नागरी हक्क संघटनेचे निरीक्षक तिथे येऊन बसले. म्हणजे पहारेकऱ्यांवरही पहारा.

आता कायद्याकडे येऊ. इथे मुलांना एकच रेघ दाखवा. रेघेच्या या बाजूला 'बघणं आणि कळवणं', पलीकडे 'अडवणं आणि पकडणं'.

अलीकडच्या बाजूला फारशी अडचण नाही. सार्वजनिक जागेत उभं राहून दुर्बिणीने बघायला आणि फोन करायला कोणाची परवानगी लागत नाही. खासगी जमीन असेल तर मालकाला विचारावं लागतं. (बॉर्डर पेट्रोलच्या अधिकाऱ्याला सीमेपासून २५ मैलांपर्यंत, म्हणजे साधारण ४० किलोमीटर, खासगी जमिनीत वॉरंटशिवाय गस्त घालता येते, मात्र घरात शिरता येत नाही. साध्या नागरिकाला ही सवलत मुळीच नाही.) बंदुकीचं म्हणाल तर ॲरिझोनात ती उघडपणे बाळगता येते. पण एकेकट्याने बंदूक बाळगणं वेगळं आणि बंदूकधाऱ्यांची खासगी पलटण उभी करणं वेगळं. १८८६ साली प्रेसर विरुद्ध इलिनॉय या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खासगी सशस्त्र टोळ्यांच्या कवायतींवर राज्यं बंदी घालू शकतात. खासगी लष्करी गटांना मनाई करणारे कायदे आज कुठल्या ना कुठल्या रूपात सगळ्या ५० राज्यांत आहेत.

खरी गुंतागुंत रेघेच्या पलीकडे आहे. 'नागरिकाने केलेली अटक' अशी एक तरतूद ॲरिझोनाच्या कायद्यात आहे. डोळ्यांसमोर गंभीर गुन्हा घडला किंवा शांतताभंग करणारा किरकोळ गुन्हा घडला, तर नागरिक त्या माणसाला पकडू शकतो. गंभीर गुन्हा प्रत्यक्षात घडलेला असेल आणि अमक्यानेच तो केला असं मानायला सबळ कारण असेल, तरीही पकडता येतं. आता बघा, चोरून सीमा ओलांडणं हा पहिल्या वेळी तिथल्या संघराज्याच्या कायद्यानुसार किरकोळ गुन्हा आहे, जास्तीत जास्त ६ महिने कैद. एकदा बाहेर काढलेला माणूस परत आला तर मात्र गंभीर गुन्हा. आणि व्हिसावर येऊन मुदत संपल्यावर राहिलेला माणूस? तो फौजदारी गुन्हेगारच नाही, ती प्रशासकीय कारवाईची बाब आहे. वाळवंटात समोरून चालत येणारा माणूस यातला कोणता, हे चेहऱ्यावरून कसं कळणार? तो कदाचित अमेरिकेचाच नागरिक असेल.

हे मी उगाच म्हणत नाही. ॲरिझोनातल्या डग्लस गावाजवळ रॉजर बार्नेट नावाचे पशुपालक होते. आपण हजारो लोक पकडून बॉर्डर पेट्रोलच्या हवाली केले, असं ते अभिमानाने सांगत. २००४ मध्ये त्यांनी शिकारीला आलेल्या एका कुटुंबावर बंदूक रोखली. त्यात लहान मुली होत्या. कुटुंब मेक्सिकन वंशाचं, पण अमेरिकन नागरिक. २००६ मध्ये ज्यूरीने त्या कुटुंबाला जवळपास १ लाख डॉलर भरपाई द्यायला लावली.

त्याच वर्षीची बार्नेट यांची आणखी एक घटना आहे. ओढ्याच्या कोरड्या पात्रात विसावलेल्या स्थलांतरितांच्या घोळक्याला त्यांनी कुत्रा आणि पिस्तूल घेऊन अडवलं. हे लोक खरोखरच चोरून आलेले होते. २००९ मध्ये ज्यूरीने त्यातल्या चार महिलांना सुमारे ७८,००० डॉलर मंजूर केले. पण निकाल सरळ एका बाजूचा नव्हता. बेकायदा डांबून ठेवल्याचा आणि नागरी हक्क डावलल्याचा आरोप ज्यूरीने मान्य केला नाही. शस्त्राचा धाक दाखवणं आणि मानसिक छळ करणं, एवढंच मान्य केलं. २०११ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. अशा खटल्यात प्रत्येक कृती सुटी करून तपासली जाते, हे मला शिकवण्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचं वाटतं. मुलांना सगळा माणूस चांगला किंवा सगळा वाईट ठरवायची घाई असते. (मोठ्यांनाही असते म्हणा.)

इथे पालक हमखास विचारतील, "अहो, जे स्वतःच कायदा मोडून आले ते न्यायालयात कसे गेले?" तर न्यायालयाचं दार नागरिकांपुरतं नसतं. अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या १४व्या दुरुस्तीत समान संरक्षण 'व्यक्ती'ला दिलेलं आहे, फक्त 'नागरिका'ला नाही. याच शब्दाच्या जोरावर १९८२ मध्ये, प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात, कागदपत्रं नसलेल्या मुलांना सरकारी शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही असा निकाल लागला. आपल्या घटनेतही हाच फरक आहे. अनुच्छेद १९ मधली स्वातंत्र्यं नागरिकांना आहेत, अनुच्छेद २१ मधलं जीविताचं संरक्षण व्यक्तीला आहे. वर्गात दोन्ही अनुच्छेद शेजारी शेजारी लिहून हा शब्द मुलांनाच शोधायला लावा, मजा येते.

टेक्सासमध्ये २००३ साली 'रँच रेस्क्यू' या गटाने एल साल्वादोरच्या दोघांना पकडलं. पिस्तुलाने मारहाण केल्याचा आणि कुत्रा अंगावर सोडल्याचा आरोप झाला. जमिनीच्या मालकाने १ लाख डॉलर देऊन तडजोड केली. गटातले दोघं दिवाणी दाव्यात बचाव करायला आलेच नाहीत, त्यांच्यावर मिळून साडेआठ लाख डॉलरचा हुकूमनामा झाला. त्यातल्या एकाची ॲरिझोनातली ७० एकर जमीन, जिथे गटाचा तळ होता, ती २००५ मध्ये त्याच दोन स्थलांतरितांच्या मालकीची झाली!

उलट बाजूचंही एक प्रकरण सांगायलाच हवं. एप्रिल २००५ मध्येच ॲरिझोनात महामार्गावरच्या विश्रांतिस्थळी सैन्याच्या राखीव दलातल्या एका जवानाने सात जणांना बंदुकीच्या धाकावर पोलीस येईपर्यंत रोखून धरलं. तो मिनिटमन गटातला नव्हता. आधी पोलिसांनी त्यालाच अटक केली. पण सरकारी वकिलांनी खटला भरायचं नाकारलं. त्यांचं म्हणणं, सातातला एक जण माणसांची चोरटी वाहतूक करणारा होता, तो गंभीर गुन्हा. बाकीचे सहा त्या कटात सामील. म्हणून नागरिकाने केलेली ही अटक वैध. प्रवास करणारा गरीब माणूस स्वतःच्याच वाहतुकीच्या 'कटात' सामील धरायचा, हे मला ओढूनताणून वाटतं. पण कायद्याचा असाही अर्थ लावला गेला, हे खरं.

एक प्रकरण असं आहे की ते लहान वर्गात सांगू नये. मे २००९ मध्ये ॲरिझोनातल्या अरिवाका गावात शॉना फोर्ड या बाईच्या टोळीने एका घरात शिरून वडील आणि त्यांची ९ वर्षांची मुलगी यांना गोळ्या घातल्या. आई जखमी होऊनही वाचली. फोर्ड सीमेवर पहारा देणारा स्वतःचा गट चालवायची. घरात अमली पदार्थ आणि पैसा असेल, तो लुटून गटाचा खर्च भागवायचा, असा बेत होता. दार उघडून घेताना टोळीने आपण सरकारी अधिकारी असल्याचं सांगितलं होतं. मुलगी अमेरिकेतच जन्मलेली. २०११ मध्ये फोर्डला मृत्युदंडाची शिक्षा झाली. सगळे गट असे नसतात, हे उघड आहे. पण गणवेशासारखे कपडे घालून कोणीही उभं राहू लागलं की खरा अधिकारी कोण आणि तोतया कोण, हे दारातल्या माणसाला कळणार कसं? म्हणूनच तिथे सरकारी अधिकारी असल्याची बतावणी करून कोणाला अडवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद. २०१९ मध्ये न्यू मेक्सिकोत सनलँड पार्कजवळ एका गटाने रात्री मोठ्या संख्येने कुटुंबांना, मुलाबाळांसकट, थांबवून जमिनीवर बसवलं आणि त्याचं चित्रीकरण फिरवलं. गव्हर्नरबाईंनी सांगितलं, असा अधिकार नागरिकांना नाही. गटाच्या प्रमुखाला काही दिवसांतच अटक झाली, पण कशासाठी? पूर्वीचा शिक्षा झालेला गुन्हेगार असूनही बंदुका बाळगल्या म्हणून. त्याच काळात तिथे वावरणाऱ्या आणखी एकाला पुढे २०२१ मध्ये बतावणीच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं गेलं.

आणखी एक बाब. अधिकारी अशा गटाचा फोन घेतात तेव्हा प्रश्न येत नाही. पण ते गटाला सूचना देऊन कामाला लावू लागले, तर गटाची कृती सरकारचीच मानली जाऊ शकते आणि घटनेची बंधनं तिला लागू होतात. २०१२ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने ॲरिझोना राज्याच्या पोलिसांनाही, केवळ देशाबाहेर काढण्याजोगा माणूस वाटला म्हणून विनावॉरंट अटक करण्यापासून रोखलं. कोणाला देशात ठेवायचं हे संघराज्य सरकारने ठरवायचं, राज्याने नव्हे, असं त्यामागचं सूत्र. राज्याच्या पोलिसाची ही गत, तर खुर्ची टाकून बसलेल्या माणसाचं काय!

आपल्याकडेही नागरिकाला अटकेचा अधिकार आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार, आपल्या डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र असा गुन्हा करणाऱ्याला किंवा फरार घोषित गुन्हेगाराला कोणीही पकडू शकतो. पण ६ तासांच्या आत पोलिसांकडे द्यावं लागतं. संशय पुरत नाही, मारहाणीचा तर प्रश्नच नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथे १ जुलै २०१८ रोजी काय झालं, ते तुमच्या लक्षात असेल. मुलं पळवणारे म्हणून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. देशाची सीमा तिथे नव्हती, पण 'हा आपल्यातला नाही' ही सीमा होती, आणि अडवणाऱ्यांना आपण गावाचं रक्षण करतोय असंच वाटत होतं.

सातवी-आठवीला हा भाग घ्यायचा असेल तर गट करून चार प्रसंग द्या. एक, रस्त्यावरून दुर्बिणीने बघून पोलिसांना फोन करणारा. दोन, आपल्या शेतात शिरलेल्यांना "बाहेर व्हा" म्हणणारा मालक. तीन, खाकी कपडे घालून ओळखपत्र मागणारा. चार, विश्रांतिस्थळावरचा तो जवान. प्रत्येक गटाने तीनच प्रश्नांची उत्तरं लिहायची : त्याने नेमकं काय पाहिलं, नेमकं काय केलं, आणि समोरच्याला तिथून निघून जाता आलं असतं का? तिसऱ्या प्रश्नावर वर्गात गलका होईल, होऊ द्या. सरकारी वकिलांचा निर्णय मात्र मुलांची उत्तरं लिहून झाल्यावरच सांगा, नाहीतर सगळे तोच उतरवतील. तास अपुरा पडला तर दुसरा प्रसंग घरी द्या, चौथा वर्गातच घ्या.