पिवळं कार्ड

चि. सागर यास,


काल बाजारात तुझ्या कारखान्यातला एक जण भेटला. युगांडाला निघालेले तुम्ही तिघं सुई न टोचताच पीतज्वराचं पिवळं कार्ड एजंटाकडून शिक्का मारून आणणार आहात, असं त्याच्याकडून कळलं. रात्रभर डोळा लागला नाही. खरं आहे का रे हे?

शिक्का बघून विमानतळावर सोडतीलही, पण डास शिक्का बघत नाही. पीतज्वरावर नेमकं औषध नाही. जे काही आहे ते लसच. एकदा घेतली की जन्मभर पुरते. सरकारने नेमलेल्या केंद्रातच ती मिळते आणि कार्ड लागू व्हायला दहा दिवस लागतात. तुझं विमान वीस तारखेचं. म्हणजे याच आठवड्यात टोचून घ्यायला हवी. तू खरंच शिक्क्यावर भागवणार होतास?

एवढा चिडलोय, कारण मीही असाच शहाणपणा केला होता. १९९४ च्या फेब्रुवारीत टांझानियाहून परतलो. हिवतापाच्या गोळ्या आणखी चार आठवडे घ्यायच्या होत्या. घरी आलो, आता कशाला, म्हणून पाकीट ट्रंकेत टाकलं. बाराव्या दिवशी हुडहुडी भरली. डॉक्टरांना आफ्रिकेचं बोललोच नाही; त्यांनी टायफॉइड धरला. चार दिवस वाया गेले. तुझी आई तेव्हा दहावीत. मांडीवर गणिताचं पुस्तक उघडं ठेवून ती माझ्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या बदलायची. शेवटी तिनंच डॉक्टरांना सांगितलं, "दादा आफ्रिकेतून आलाय." त्या वर्षी तिचं गणित राहिलं. का राहिलं, ते ती तुला कधी सांगणार नाही.

म्हणून म्हणतो, सुई टोचून घे. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तितके दिवस घे, रात्री मच्छरदाणीतच झोप. परत आल्यावर वर्षभरात कधीही ताप आला, तर युगांडाहून आलोय हे आधी सांग.

शाळेत सुई टोचायला आले की तू उसात लपायचास आणि मी हाका मारत सऱ्या धुंडाळायचो. अजून तीच भीती असेल, तर लाजू नकोस. गुरुवारी पहाटेच्या एसटीनं येतो. तुझ्या शेजारी बसेन. टोचल्यावर अर्धा तास थांबवतात, तेवढ्यात आईनं दिलेल्या दशम्या खाऊ.

तुझा,
मामा