पिकअप गाडी उंच करण्याचा विचार

काळ्या रानाच्या वाटेवर पावसाळ्यांत भाजीची पिकअप रुतली, कीं गाडी उंच करून मोठे टायर घालण्याचा सल्ला मिळतो. ह्या कामानें नेमकें काय साधतें तें पाहूं.

पाटे उंच केल्यानें चासी व हौदा वर जातो. परंतु मागील आंसावरील डिफरन्शियलचा गोळा होता तेथेंच राहतो, आणि खोल चाकोरींत अडतो तो हाच गोळा. त्यास वर उचलतो तो केवळ टायर, तोहि निम्म्यानेंच. 27 इंच व्यासाऐवजीं 30 इंचांचा टायर घातल्यास गोळा अवघा दीड इंच वर येतो. ह्या दीड इंचापायीं चाकाची ओढ दहाव्या हिश्श्यानें घटते. भरल्या गाडीनें घाट चढतांना तें तात्काळ जाणवतें. वेगमापक 54 दाखवीत असतां गाडी 60 ने धांवते. ब्रेकांसहि अधिक जोर लागतो. शिवाय कांद्याच्या गोण्यांची थप्पी चासीबरोबर उंच गेल्यानें वळणावर कलंडण्याचें भय वाढतें. आमच्या मतें हा दोष सर्वांत मोठा.

नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानें निषिद्ध आहे. अपघातसमयीं विमा कंपनी हेंच पुढें करूं शकते.

चिखलांत उणीव बहुधा पकडीची असते. मूळ मापाचेच, खोल नक्षीचे टायर घ्यावे. बांधालगतच्या वाटेस मुरूम टाकावा. गाडी रिकामी असल्यास टायरांतील हवा किंचित् कमी करावी, व सडकेस लागण्यापूर्वीं पुन्हां पुरी भरावी. भरल्या गाडीची हवा मात्र कधींहि काढूं नये.