बॉनेटची कड

रोही आडवा आला तेव्हा दाजी सेनगावहून आमच्या साखऱ्याला येत होते. माणसं सुखरूप राहिली, बॉनेट मात्र चेपलं. मी त्या वेळी हिंगोलीला एका गॅरेजवर रंगकाम शिकत होतो; दोन वर्षं झाली होती. ठोकाठोकी आणि खळगे भरायची लांबी उस्तादांनी केली, रंग आणि त्यावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर, मी मारला. चांदीसारखा मेटॅलिक रंग. दिवस सोयाबीनच्या मळणीचे, हवेत भुसकट. ओल्या क्लिअरवर कण बसले, आणि गन लांबून फिरवल्यामुळे पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दाणेदार आला. उस्ताद म्हणाले, "आठ दिवस हात लावू नको, मग पेपर मारू." दिवाळी तोंडावर होती आणि दाजींना गाडी हवी होती. तिसऱ्याच दिवशी मी गाडी साखऱ्याला आणली आणि अंगणात लिंबाखाली बादली मांडली.

इथूनच चूक सुरू झाली. हार्डनर घातलेला क्लिअर वरून कोरडा लागतो, पण आतला थिनर निघून जायला वेळ लागतो. असा कच्चा थर घासला की पेपर चिकट लगद्याने भरतो. त्याहून वाईट म्हणजे आज आरशासारखं दिसणारं काम महिन्याभरात बसतं आणि बुजलेल्या रेघा पुन्हा वर येतात. नखाने दाबून वण उठत असेल, थिनरचा वास येत असेल, तर गाडी तशीच उभी राहू द्या.

मी 1500 चा पाणीपेपर घेतला. मध्येच तो हातातून निसटून मातीत पडला. मी उचलून बादलीत बुचकळला आणि पुन्हा चालू केला. एक खडा पुरेसा होता. बॉनेटवर वीतभर लांबीची खोल रेघ पडली आणि ती काढण्याच्या नादात मी तिथेच घासत राहिलो. आता माझ्याकडे पडलेला पेपर परत वापरायचा नाही असा नेम आहे. दोन बादल्या ठेवतो, एक पेपर भिजवायला आणि एक खळबळायला. पाण्यात साबणाचा थेंब टाकतो, पेपर रबरी ब्लॉकला गुंडाळतो. नुसत्या बोटांनी दाबलं तर बोटांच्या खाचा उमटतात, आणि त्या पॉलिश झाल्यावरच दिसतात.

पाण्याने घासण्याची रीत कशी आली हेही शिकणाऱ्याला माहीत असावं. आधीचे पेपर सरसाने चिकटवलेले असत, पाण्यात सुटत. कोरडं घासलं की शिसं असलेल्या रंगाची धूळ कामगारांच्या छातीत जाई. 1921 मध्ये अमेरिकेतल्या 3एम कंपनीने पाण्यात टिकणारा पेपर बाजारात आणला आणि धूळ पाण्यातच राहू लागली. आजच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट तर दम्याचा आजार जडवू शकतं. क्लिअर मारताना नुसता रुमाल बांधून भागत नाही, त्यासाठीचा फिल्टरचा मास्कच लागतो.

तर, त्या संध्याकाळी. उजेड कमी होत होता. बादलीतलं पाणी आधी दुधाळ होतं. बॉनेटच्या पुढच्या कडेला आलो तेव्हा राखाडी झालं. मला वाटलं, मळ असेल. मळ नव्हता. दुधाळ पाणी म्हणजे क्लिअर निघतोय. पाण्याला गाडीचा रंग आला म्हणजे क्लिअर संपून खालचा बेस निघतोय. (क्लिअर नसलेल्या जुन्या पद्धतीच्या रंगावर पाणी सुरुवातीपासूनच रंगीत येतं, ते वेगळं.) चांदीच्या रंगात हा फरक अंधारात कळतच नाही. वर मी भाड्याने आणलेल्या मशीनचा लोकरी बफ त्याच कडेवर दाबून धरला. सकाळी उन्हात पाहिलं तर तीन बोटं लांबीचा काळपट डाग होता.

पॉलिश करून हा डाग जात नाही. बेसमधल्या ॲल्युमिनियमच्या चकत्या एकदा कापल्या गेल्या की बेस पुन्हा मारावा लागतो, शेजारच्या भागात रंग मिसळवत न्यावा लागतो आणि पूर्ण बॉनेटला नवा क्लिअर द्यावा लागतो. दाजी एवढंच म्हणाले, "होऊ दे, दिवाळी झाल्यावर बघू." मला मान वर करवली नाही.

आपण कशावर पेपर घालतो, हे त्या दिवसाआधी मी मोजलंच नव्हतं. कारखान्यातून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन असतात, त्यात क्लिअर 40 ते 50. माणसाचा केस सुमारे 70. कडेवर आणि बॉडीच्या दुमडीवर थर आणखी पातळ बसतो, आणि पेपरचा सगळा दाब नेमका तिथेच येतो. ऊन अडवणारं रसायनही याच क्लिअरमध्ये असतं. तो फार पातळ झाला की दोन-चार उन्हाळ्यांत पांढरा पडून पापुद्रे सुटतात.

म्हणून आता कडांना आधी मास्किंग टेप लावतो. 1500 नंतर 2000, मग 3000, आणि प्रत्येक पेपर आधीच्याला आडवा. मागच्या रेघा गेल्या की नाही ते त्यानेच कळतं. दर दहा-बारा हातांनी रबरी पट्टीने पाणी ओढतो. चमकणारे ठिपके म्हणजे अजून न लागलेले खळगे. ते सगळेच संपवायचा हट्ट धरत नाही, थोडी साल राहिली तरी चालते. बफ सावलीत आणि गार पत्र्यावर, मंद गतीने. कडेला तो पत्र्याकडून बाहेर फिरला पाहिजे, बाहेरून कडेवर चढता कामा नये. शेवटी स्पिरिटने पुसून उन्हात बघतो, कारण कंपाउंडमधलं तेल रेघा झाकून ठेवतं.

मागच्या वर्षी दाजी दुसरी गाडी घेऊन आले. जुनीच घेतलेली, दारावर ओरखडा. रंगाची जाडी मोजणारा मीटर लावला. दारावर इतर ठिकाणी 115 मायक्रॉन, ओरखड्याभोवती 85. आधीच कुणीतरी तिथे बफ मारून गेलं होतं. ओरखडा नखाला अडकत होता.

"दाजी, हे राहू द्या," मी म्हणालो आणि बादलीतलं पाणी लिंबाच्या आळ्यात ओतलं.