चिखलणीचा बैल : थकवा की आजार?

मावळ तालुक्यात व लोणावळ्याच्या परिसरात आषाढात भातखाचरांची चिखलणी चालते. चिखलात औत ओढताना बैलाच्या स्नायूंना विश्रांतीच्या मानाने पुष्कळ अधिक शक्ती लागते. स्नायूंतील साखर प्राणवायूच्या साहाय्याने जळून ती मिळते. प्राणवायू अपुरा पडल्यास साखर अर्धवट जळते, शक्ती थोडीच मिळते व दुग्धाम्ल साठते. बैल धापा टाकीत थांबतो. विसावा मिळताच त्या आम्लाचा शरीरात पुन्हा उपयोग होतो व श्वास पूर्ववत चालतो.

रोगात तसे होत नाही. घटसर्पाच्या तापात बैल नुसता उभा असला तरी शरीरातील ज्वलन वाढलेलेच राहते. वैरण सुटल्यामुळे अंगची चरबी व मांस खर्ची पडते. अशा बैलास जुंपणे म्हणजे त्याचे उरलेले बळ हिरावून घेणे होय.

निरोगी बैलाचे तापमान सुमारे ३८.५ अंश सेल्सिअस असते. श्रमाने ते चढते व विसाव्याने उतरते. पुरेशा विसाव्यानंतरही अंग तापलेले असल्यास, बैल रवंथ करीत नसल्यास किंवा गळ्यास सूज दिसल्यास त्यास वेगळा बांधून पशुवैद्यकास त्वरित दाखवावे. घटसर्पाची लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्यावी.