एका हाताने मराठी टंकलेखन

प्रश्न : पक्षाघातानंतर माझा डावा हातच तेवढा चालतो, त्यालाही कंप आहे. कचेरीतील मराठी टंकलेखन कसे जमवावे?
— एक वाचक, पडघा (ता. भिवंडी)

उत्तर : आपली खरी अडचण दोन कळा एकाच क्षणी दाबण्याच्या सक्तीची आहे, कारण इन्स्क्रिप्ट कळफलकावर ज्या कळीने ‘ग’ उमटतो, तीच कळ शिफ्ट धरून दाबल्यावाचून ‘घ’ उमटत नाही, आणि म्हणून ‘पडघा’ हे गावाचे नाव लिहितानाही दुसऱ्या हाताची गरज भासते. विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ ५ वेळा दाबून पडद्यावरील विचारणेस होकार दिला, की ‘स्टिकी कीज’ ही तजवीज अमलात येते. मग शिफ्ट दाबून सोडावी आणि सावकाश ‘ग’ची कळ दाबावी. दोन कळा चुकून एकदम दाबल्या गेल्यास ही सोय बंद पडते. कंपित हाताला जाचक असलेली ही अट सेटिंग्जमधून रद्द करावी. एकच अक्षर पुनःपुन्हा उमटत असल्यास ‘फिल्टर कीज’ चालू करावे. संगणक सरकारी कचेरीचा असल्यास वरिष्ठांकडे रीतसर लेखी अर्ज करावा, कारण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये अशी वाजवी सोय पुरविणे शासकीय आस्थापनांवर बंधनकारक आहे.