वाईट काहीच घडलं नव्हतं, तरीही

गेलं वर्ष आमच्यासाठी चांगलं गेलं, असं कुणीही म्हटलं असतं. इमारत पुनर्विकासाला गेली, म्हणून आम्ही ठाण्यातच भाड्याच्या घरात राहायला गेलो. मुलीचं लग्न हौसेनं केलं. मला बढती मिळाली आणि तिच्यापाठोपाठ पनवेलला बदली. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, पण ऑपरेशन नीट झालं, वॉकर धरून त्या चालायलाही लागल्या. मग रोज पहाटे तीनला जाग येऊन छातीत धडधड का व्हावी?

आधी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या. मग ईसीजी, टूडी इको, थायरॉइड. सगळं नॉर्मल. रिपोर्ट चाळून एका डॉक्टरांनी ‘टेन्शन घेऊ नका’ एवढंच सांगितलं. टेन्शन काय कुणी मागून घेतं? तपासण्यांचे पैसे वाया गेले, असं मात्र मी म्हणणार नाही. छातीत दुखलं की आधी हृदयच तपासायचं, आणि थायरॉइडचा स्राव जास्त झाला तरी धडधड होते, झोप उडते. पण रिपोर्ट चांगले आले की घरच्यांच्या लेखी माणूस ठणठणीत होतो. ‘सगळं तर छान चाललंय, तुला कसला त्रास?’ नणंदबाई म्हणाल्या. सांगण्याजोगं एकही मोठं कारण माझ्याकडे नव्हतं.

शेवटी मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्या बाईंनी कागद पुढे केला आणि वर्षभरात जे जे बदललं ते लिहायला सांगितलं, आनंदाचंसुद्धा. पान भरलं. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली अशीच ४३ घटनांची यादी करून प्रत्येकीला गुण दिले होते. जोडीदाराचा मृत्यू १००, घरातल्याचं आजारपण ४४, मुलंबाळं घराबाहेर पडणं २९, नोकरीतली जबाबदारी बदलणं २९, घर बदलणं २०. सुट्टीवर जाण्यालाही १३! वर्षभराची बेरीज ३०० च्या पुढे गेली की आजारपणाचा धोका पुष्कळ वाढतो, असा त्यांचा हिशेब. आपल्याकडे गुरमीत सिंग आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ५१ घटनांची भारतीय यादी केली, तिच्यात मुलीचं लग्नही आहे. ते वाचून मला हसू आलं आणि बरंही वाटलं.

अर्थात बेरजेवर फार विसंबू नये. तेवढ्याच गुणांत एक माणूस कोलमडतो आणि दुसरा तरतो. हाताशी पैसा किती, माणसं किती, यावर बरंच ठरतं. शिवाय बिल्डरचं भाडं दर महिन्याला लांबणं, सासूबाईंना सांभाळणारी बाई न सांगता न येणं, या रोजच्या कटकटींना कोण गुण देणार? शरीर मात्र त्यांचीही नोंद ठेवतं. सतत सावध राहून झोप मोडते, आणि मोडलेल्या झोपेनं दुसऱ्या दिवशीची चिडचिड वाढते.

म्हणून सांगते, एकच मोठं कारण शोधत बसू नका. एकच फाइल परत परत वाचावी लागते आहे का, लेकीचा फोन वाजला तरी घ्यावासा वाटत नाही का, ते पाहा. दोन आठवडे जवळपास रोज मन उदास राहिलं किंवा कशातच गोडी वाटली नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जिल्हा रुग्णालयात चौकशी केलीत तरी चालेल. औषध दिलं तर त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा बरं वाटलं म्हणूनही, ते स्वतःच्या मनानं बंद करू नका. अशा काळात आणखी मोठा बदल अंगावर घेऊ नये. ह्यांची स्वेच्छानिवृत्ती आम्ही पुढे ढकलली आणि सासूबाईंच्या दुपारच्या पाळ्या दिरांबरोबर वाटून घेतल्या. मला गोळ्यांइतकाच त्याचा उपयोग झाला, असं माझं मत आहे.

आणि जगणं नकोसं वाटू लागलं, तर यादी-बेरीज काही न करता त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. घरात सांगवत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, फोन विनामूल्य आहे आणि मराठीतून बोलता येतं. आत्ताच मोबाइलमध्ये साठवून ठेवा.